मॅक्रीच्या माळावरील शिलावर्तुळे

इतिहासाच्या व्याख्यानासाठी स्कॉटलंडमधला एक ओलसर माळ निवडावा, याचे वाचकाला नवल वाटेल. कारण साधे आहे. दख्खनमधल्या गोलाकार मांडलेल्या दगडांविषयी एकोणिसाव्या शतकात जे लेखन झाले, त्यातले बरेचसे इंग्रज व स्कॉटिश अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी केले. आपले दगड पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या मुलखातले दगड होते. वेताळाच्या वर्तुळात त्यांना स्टोनहेंज आठवले, शोरापूरच्या थडग्यांत केल्ट आणि शक दिसले. ती तुलना आपल्याकडच्या भाषणांतून आणि गावोगावच्या स्थानिक इतिहासांतून अजूनही डोकावते. तेव्हा एकदा तिकडच्या दगडांकडेच नीट पाहावे आणि तिथल्या मातीतून नेमके काय निघाले ते समजून घ्यावे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

त्यासाठी घेतलेले ठिकाण म्हणजे अ‍ॅरन बेटावरील मॅक्री मूर. 'मूर' या शब्दाला मराठीत माळरान म्हणावे लागते, पण ते पुरते जुळत नाही. आपल्या माळावर चैत्रात गवत वाळून पाय भाजतात. तिकडे बारा महिने पाणी मुरलेले असते. दलदलीतल्या वनस्पती पुरत्या न कुजता एकावर एक साचत जातात आणि त्यांचा काळा, स्पंजासारखा थर तयार होतो. त्याला पीट म्हणतात. वाळवून तो चुलीत जाळतातही. या थरावर हेदरची खुरटी झुडपे आणि राठ गवत यांपलीकडे फारसे काही उगवत नाही. पीटची ही ओळख आधीच करून देतो, कारण पुढे ते या गोष्टीतले एक महत्त्वाचे पात्र होणार आहे.

अ‍ॅरन हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला क्लाइड नदीच्या विस्तीर्ण मुखात असलेले सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे बेट. उत्तरेकडे ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. त्यांतला सर्वांत उंच गोट फेल ८७४ मीटरचा. दक्षिणेकडे उतार सौम्य होतात आणि खडकही बदलतो. बोट पूर्व किनाऱ्यावर ब्रॉडिकला लागते. मॅक्री पश्चिम किनाऱ्यावर, ब्लॅकवॉटरफूट या गावापासून उत्तरेला पाचएक किलोमीटरवर आहे. किनाऱ्याच्या डांबरी रस्त्याला गाड्या उभ्या करायची लहानशी जागा आहे. तिथून आत जाणारा शेतरस्ता हीच वाट. जाऊन-येऊन साडेचार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दगडांपाशी रेंगाळण्याचा वेळ धरून दीड-दोन तासांचे काम. चढ नावालाच आहे. दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणे, मध्ये फाटके. फाटक उघडले तसे लावून घ्यायचे, हा तिकडचा रिवाज पाळावा. बूट मात्र चिखलाला दाद न देणारे हवेत.

वाटेत प्रथम लागते ते मॉस फार्म रोड नावाचे दगडांचे कडे. दिसायला शिलावर्तुळ, पण मुळात ती कांस्ययुगातल्या दफनावर रचलेल्या दगडांच्या ढिगाची कड आहे. मधला ढीग बराच नाहीसा झाला आणि कड तेवढी उरली. मोडके दफन आणि शिलावर्तुळ वरवर पाहता एकसारखेच दिसतात, हे वाचकाने इथेच मनात नोंदवून ठेवावे.

पुढे ओसाड पडलेले मॉस फार्मचे घर येते आणि त्याच्या आसपास खरा माळ सुरू होतो. येथे जवळजवळ सहा वर्तुळे आहेत. त्यांना दिलेले क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, आणि आपण पश्चिमेकडून येतो. म्हणून प्रथम पाचवे भेटते, मग चौथे, तिसरे, दुसरे, पहिले. पाचवे दुहेरी आहे: आतल्या कड्यात ग्रॅनाइटचे आठ गोटे, बाहेरच्या कड्यात चौदा-पंधरा लहान दगड. चौथ्यात कमरेहूनही बुटके चारच ग्रॅनाइटचे ठोकळे. तिसऱ्यात पूर्वी नऊ शिळा होत्या. आज चार मीटरांहून उंच अशी एकच उभी आहे. दुसऱ्यापाशी माणूस थबकतो. तांबड्या वालुकाश्माच्या तीन सडपातळ शिळा तिथे आकाशात गेल्या आहेत. सर्वांत उंच साडेपाच मीटरची, म्हणजे दुमजली घराच्या माथ्याला टेकेल एवढी. वाऱ्यापावसाने त्यांच्या अंगावर वरपासून खालपर्यंत पन्हळी पडल्या आहेत. छायाचित्रांत मॅक्री मूर म्हणून दिसतात त्या बहुधा याच तीन शिळा. त्यांच्या पायथ्याशी दोन जात्याचे दगड पडलेले आहेत. वर्तुळातलीच एक कोसळलेली शिळा फोडून कोणीतरी ते घडवले आणि मग तिथेच सोडून दिले. घडवणाऱ्याचा बेत का फिसकटला कोण जाणे. गावकऱ्यांनी अडवले असेल, किंवा दगडच ठिसूळ निघाला असेल.

पाचव्या वर्तुळाला लोक फिंगलच्या कढईचे आसन म्हणतात. फिंगल म्हणजे गेलिक कथांमधला महावीर फिओन. त्याने दगडांच्या या चुलाण्यावर कढई चढवली, आणि बाहेरच्या कड्यातल्या एका दगडाला भोक आहे त्याला आपला ब्रान नावाचा कुत्रा बांधला, अशी कथा आहे. लेणे दिसले की पांडवांनी एका रात्रीत कोरले म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही तऱ्हा परकी वाटणार नाही. हैदराबादच्या वाचकांनी तर कृष्णाकाठचे मुडुमालही ऐकलेले असेल. तेथल्या उंच उभ्या दगडांविषयी ही शापाने दगड झालेली माणसे, असे सांगतात. अशा कथांना इतिहासकाराने हसू नये. त्या दगडांचे वय सांगत नाहीत, पण एक गोष्ट निश्चित सांगतात: आज तिथे राहणाऱ्यांना ते दगड आपण उभे केले असे वाटत नाही. ज्यांनी ते उभे केले त्यांच्याशी धागा केव्हाच तुटला.

आता खणण्याकडे वळू. १८६१ साली जेम्स ब्राइस यांनी ही वर्तुळे खणली. ब्राइस हे ग्लासगोच्या हायस्कुलातले शिक्षक आणि भूगर्भशास्त्राचे व्यासंगी. अ‍ॅरनच्या खडकांवर त्यांचे पुस्तक होते. पुढे राजकारणात आणि ग्रंथलेखनात नाव कमावलेले लॉर्ड ब्राइस हे त्यांचे चिरंजीव. खडक तपासता तपासताच जेम्स ब्राइस १८७७ मध्ये लॉख नेसजवळ दरड अंगावर येऊन मरण पावले. खडकाच्या माणसाने वर्तुळे तपासली याचा फायदा झाला. कुठला दगड ग्रॅनाइट, कुठला वालुकाश्म, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हते. वर्तुळांच्या मध्यभागी त्यांना जमिनीत बसवलेल्या दगडी पेट्या सापडल्या. दुसऱ्या वर्तुळातल्या एका पेटीत मातीचे भांडे आणि गारगोटीचे छिलके होते. चौथ्यातल्या पेटीत भांडे, गारगोटीचे छिलके आणि कांशाची एक आरी, म्हणजे चामड्याला भोके पाडायचे हत्यार. पाचव्यातली पेटी आधीच कोणी उघडलेली होती.

यावरून त्या काळाने काढलेला निष्कर्ष सरळ होता: मध्ये थडगे, भोवती दगड, म्हणजे वर्तुळ थडग्यासाठी. शंभराहून अधिक वर्षे या निष्कर्षाला फारसा धक्का लागला नाही.

तो लागला १९८५–८६ मध्ये. अ‍ॅलिसन हॅगर्टी यांनी पहिले वर्तुळ आणि अकरावे वर्तुळ, अशी दोन वर्तुळे खणली. अकरावे ब्राइसना ठाऊकच नव्हते, कारण ते जवळजवळ सगळे पीटखाली बुडालेले होते. पहिल्याची मांडणी वरूनच वेधक आहे: साधारण साडेचौदा मीटर लांब आणि पावणेतेरा मीटर रुंद अशा लंबवर्तुळात अकरा शिळा, सहा ग्रॅनाइटच्या आणि पाच वालुकाश्माच्या, एकाआड एक. उत्तरेच्या डोंगराचा खडक आणि सखल भागाचा तांबडा खडक इथे मुद्दाम शेजारी आणून बसवले आहेत. पण हॅगर्टींना महत्त्वाचे सापडले ते शिळांच्या खाली. तिथे लाकडी खांबांचे खड्डे होते. पहिल्या वर्तुळाच्या जागी आधी लाकडाचे वर्तुळ होते: मध्यभागी घोड्याच्या नालेसारखी जाडजूड खांबांची रचना आणि भोवती खांबांची कडी. अकराव्याखालीही लाकडी वर्तुळ होतेच.

लाकूड कुजल्यावर त्याचा खड्डा भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाचा राहतो. तो गोल डाग म्हणजे खांबाची सावली. त्यातल्या कोळशाच्या कणांतला किरणोत्सर्गी कार्बन मोजून काळ काढता येतो. हे लाकडी खांब इ.स.पू. २५०० च्या सुमाराचे वा त्याहूनही काहीसे आधीचे ठरतात. शिळा आल्या त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, इ.स.पू. २००० च्या आगेमागे. त्याहीआधी या जागी माणसे वावरत होती, हे खड्ड्यांत सापडलेल्या आरंभीच्या नवाश्मयुगीन खापरांवरून कळते.

याहून आश्चर्याची गोष्ट मधल्या काळात घडलेली दिसते. लाकडी वर्तुळे गेल्यावर ती जागा शेतीखाली आली. कुडाची कुंपणे घालून तिचे तुकडे पाडले गेले, आणि साध्या लाकडी नांगराचे ओरखडे खालच्या मातीत उमटले. म्हणजे पूर्वजांच्या मंडपाच्या जागेवरून कोणीतरी नांगर फिरवला, पीक काढले. आणि त्यानंतर, नांगरलेल्या त्या शेतात, जवळजवळ नेमक्या जुन्याच जागी, जुन्याच बेताने दगड उभे राहिले.

इथे वाचकाने क्षणभर थांबून विचार करावा. शेतात जागा कशी ओळखली? खांबांचे बुंधे तग धरून असतील, थोडा उंचवटा राहिला असेल, नांगर मुद्दाम काही ठिकाणी वळवला जात असेल. नाहीतर 'आमच्या आजोबांच्या आजोबांनी इथे' असे सांगणारी माणसे असतील. माझे मत शेवटच्या शक्यतेकडे झुकते. नुसता उंचवटा पाहून माणूस तिथे घर बांधेल किंवा दगड वेचून बांध घालेल. त्याच जागी, त्याच आकाराचे वर्तुळ पुन्हा रचायचे तर आधी वर्तुळ होते हे ठाऊक असावे लागते. लेखन नसलेल्या समाजाने एका जागेची आठवण कित्येक पिढ्या सांभाळली, याचा इतका स्पष्ट मातीतला पुरावा क्वचितच मिळतो.

थडग्यांचा क्रमही मग उलटा होतो. वर्तुळांत पुरणे आणि दहनानंतरच्या अस्थी ठेवणे हे मागाहून झाले. वर्तुळ थडग्यासाठी नव्हते; आधीच पवित्र असलेल्या वर्तुळात पुढे मृतांना जागा मिळाली. ब्राइसनी जे पाहिले ते खरेच होते, पण तो कित्येक शतकांच्या गोष्टीचा शेवटचा अध्याय होता. वर्तुळ मुळात कशासाठी, याचे एक उत्तर आकाशाकडे बोट दाखवते: माळावरून ईशान्येला पाहिले तर मॅक्री दरीच्या माथ्याशी डोंगरात एक खाच दिसते आणि उत्तरायणाच्या शेवटच्या दिवसांत सूर्य तिच्याच रोखाने उगवतो, असे निरीक्षण अभ्यासकांनी मांडले आहे. ते मला पटण्याजोगे वाटते, पण त्यावरून या जागेला वेधशाळा म्हणणे म्हणजे पूर्वाभिमुख देवळाला पंचांग म्हणण्यासारखे आहे.

आणि तो माळ? कांस्ययुगात येथे घरांची गोल जोती होती, शेतांचे बांध होते. शिळा उभ्या केल्या तेव्हा त्या शेतशिवारात उभ्या केल्या. पुढे हवामान अधिक थंड आणि ओले झाले, जमिनीचा कस गेला, पाणी साचू लागले आणि पीट चढत गेले. ज्या माळावरून चालत आपण दगड पाहायला जातो तो माळ त्या दगडांहून तरुण आहे. ओसाड रानात, जगापासून दूर, गूढ पुरोहितांनी उभारलेले दगड, ही कल्पना नंतरच्या ओसाडीने पाहणाऱ्याच्या मनात भरवली. पण नांगराचे ओरखडे आणि खांबांचे डाग पुढच्या शेतकऱ्यांपासून झाकून ठेवले तेही त्याच पीटने.

ही सगळी माहिती हाताशी ठेवून आता दख्खनकडे येऊ. स्कॉटिश मिशनरी जॉन स्टीव्हन्सन, ज्यांचे मराठी व्याकरण १८३३ चे, यांनी दख्खनमधल्या ब्राह्मणपूर्व उपासनेवर लिहिताना वेताळाच्या ठाण्याचे वर्णन केले: चुना फासलेले, माथ्याला शेंदूर लावलेले दगड, साधारण गोलाकार मांडलेले, आणि ते त्यांनी स्टोनहेंजच्या पंक्तीला बसवले. कर्नल मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होते, शोरापूरचा कारभार त्यांनी दहाएक वर्षे पाहिला, पुढे नळदुर्गला आले. 'तारा' ही मराठ्यांच्या काळावरील कादंबरी त्यांचीच. त्यांनी भीमाकाठी जेवरगीला थडगी खणली, विभूतिहळ्ळीच्या दगडांच्या रांगांची नोंद केली, आणि आपल्या प्रबंधाच्या नावातच केल्टिक, ड्रुइडी किंवा शक असे तिन्ही पर्याय देऊन ठेवले. १८६६ मध्ये फोर्ब्स लेस्ली यांनी स्कॉटलंडच्या आदिम वंशांवर दोन खंड लिहिले; त्यांत पुणे परिसरातली वर्तुळे स्कॉटलंडच्या वर्तुळांशेजारी आली. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे १८६७ च्या सुमारास खणणाऱ्या रिव्हेट-कार्नॅक यांनी तिथल्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहिले आणि त्यांना स्कॉटलंडचे खळगे आठवले. त्या खळग्यांवर पुस्तक लिहिणारे सर जेम्स सिम्प्सन म्हणजे क्लोरोफॉर्मने बाळंतपणातल्या वेदना कमी करणारे एडिंबरोचे डॉक्टर.

या मंडळींची चिकाटी मोठी होती. त्यांच्यापैकी कित्येकांनी काढलेली चित्रे आणि मोजमापे नसती तर आपल्याकडच्या काही वर्तुळांचा मागमूसही उरला नसता. पण त्यांनी दगडांचा आकार पाहिला आणि त्याखालच्या धातूला दुय्यम मानले. नागपूर परिसरातल्या वर्तुळांतून लोखंड निघाले: कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचा सरंजाम. त्यांतल्या कित्येक वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मॅक्रीच्या पेटीतून निघाली ती कांशाची आरी. कांसे लोखंडाच्या आधीचे, हे १८६० च्या दशकात कोणाही अभ्यासकाला ठाऊक होते. दोन्ही खोदकामे सहा-सात वर्षांच्या अंतराने झाली आणि दोन्हींचे अहवाल छापले गेले. ते शेजारी ठेवले असते तर एकच लोकसमूह दोन्हीकडे दगड मांडत फिरला, ही कल्पना तिथेच अडखळायला हवी होती. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७२ मध्ये जगभरच्या अशा दगडांवर मोठा ग्रंथ लिहिला. भारतात खासी टेकड्यांवर लोक अजून दगड उभे करतात हे त्यांनी नेमके हेरले, पण त्यावरून युरोपातले दगडही इसवी सनानंतरचेच असावेत, असा दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढला.

आजचा हिशेब असा आहे. शां. भा. देव यांनी विदर्भात टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड येथे केलेल्या उत्खननांमुळे तिथली महापाषाणीय वर्तुळे साधारण इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात बसतात. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. मॅक्रीच्या शिळा त्याहून हजारएक वर्षे जुन्या, आणि त्यांखालचे खांब आणखी जुने. ड्रुइडांची पहिली लेखी नोंद येते त्या काळी मॅक्रीच्या शेतावर पीट चढू लागले होते. विदर्भातल्या वर्तुळात बहुधा गोट्यांची कड दफनाच्या भरावाला धरून असते. म्हणजे तिचे नाते, असलेच तर, मॅक्रीच्या उंच शिळांपेक्षा वाटेत लागलेल्या मॉस फार्म रोडच्या कड्याशी अधिक आहे, आणि तेही घडणीपुरते, रक्ताचे नव्हे. वेताळाच्या ठाण्याची गोष्ट तर तिसरीच. तिथे उपासना चालू आहे, दगड हलतात, नवे येतात, शेंदूर दरसाल चढतो. त्याचे वय ठाण्याखालची माती सांगेल, ठाण्याचा गोल आकार सांगणार नाही.

मॅक्रीचा धडा दख्खनला लावायचा तर तो इथे, मातीच्या पातळीवर लावावा लागेल. आपल्याकडे वर्तुळ खणताना बहुतेक वेळा मधला भाग खणला जातो, कारण भांडी आणि हत्यारे तिथे असतात. दगडांच्या खालची आणि कड्याबाहेरची जमीन तशीच राहते. खांबांचे डाग असलेच तर तिथे असतील. काळ्या कपाशीच्या जमिनीत ते शोधण्यात अर्थ नाही: ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातहातभर भेगाळते आणि वरची माती त्या भेगांतून खाली जाते, कोणताही डाग काही शतकांत फिसकटून जातो. पण मुरमात खोदलेला खड्डा टिकतो, आणि विदर्भातली पुष्कळ वर्तुळे नांगराला निरुपयोगी अशा मुरमाड, खडकाळ उंचवट्यांवरच आहेत. मुरूम हवा असतो तो रस्त्याच्या भरावाला, आणि जेसीबी प्रथम पोचतो तोही अशाच उंचवट्यांवर.